खिडकीतली बाटली

सुरुची बोडसला लहानपणापासून जगाची किळस येते. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्याची, ओल्या पायपुसण्याची, बसच्या चिकट दांड्याची, आणि मासळीबाजाराची तर विचारूच नका. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. ही कोलकात्यात, डमडमला राहून करते. बाजाराच्या गल्लीतून नाकाला ओढणी लावून अशी झपझप चालते की मासे विकणाऱ्या बायका मुद्दाम हाक मारून तिला चिडवतात. मला तिचं हे नाक मुरडणं आवडतं. मीही त्याच घराण्यातली आहे, खोटं कशाला बोलू.

मी तिची मावशी, विजया. तिची आई प्रेमलता माझी थोरली बहीण. आम्हा दोघींचे नवरे बदलीवर कोलकात्यात आले, तिचे केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात आणि माझे बँकेत, आणि परत जाऊ जाऊ म्हणता दोघेही इथंच निवृत्त झाले. ताईचे यजमान आता नाहीत. ती डमडमच्या फ्लॅटमध्ये सुरुचीबरोबर राहते, मी बालीगंजला. सुरुचीचा जन्मच इथला, त्यामुळे तिचं मराठी चांगलं असलं तरी मधूनच बंगालीकडे घसरतं. अजूनही मला विचारते, "मावशी, चहा खाणार का?"

ताईचा देव एकच, तो म्हणजे ऊन. या शहरात भिंतींना ओल येते, चपलांना बुरशी येते, आणि ताई सकाळी उठली की घरातली निम्मी चीजवस्तू बाल्कनीत नेऊन मांडते. गाद्या, उशा, लाटणं, लोणच्याच्या बरण्या, पूर्वी सुरुचीचं शाळेचं दप्तरसुद्धा. "ऊन लागलं की शुद्ध झालं," हे तिचं वाक्य सुरुचीनं दुधाबरोबर प्यायलं. शेजारचे बंगाली लोक आमच्या बाल्कनीला हसायचे. त्यांच्या बाल्कनीत काय काय कुजत असायचं, ते मी इथं लिहीत नाही.

अशी मुलगी पुढे शिकून जंतूंच्याच मागे लागली. माझ्या बालीगंजच्या भागातल्या एका संशोधन संस्थेत तिनं पीएचडीला नाव घातलं. मी म्हटलं, "तुला साधं दही हातानं कालवता येत नाही, तू जंतू कशी बघणार?" तर म्हणाली, "मावशी, मला जंतू नाही बघायचे. शरीराला त्यांची किळस कशी येते ते बघायचंय."

मग तिनं मला समजावलं. मी कॉमर्सची, तरी समजलं, म्हणजे कुणालाही समजेल. बी-टू जीवनसत्त्व आपलं शरीर बनवू शकत नाही, आपण ते दुधातून, पालेभाज्यांतून घेतो. पुष्कळसे जंतू मात्र ते स्वतःच बनवतात. बनवताना मध्येच एक अर्धवट, कच्चा पदार्थ तयार होतो. तो साखरेच्या मोडतोडीतून निघालेल्या एका बारीकशा रेणूला चिकटतो, आणि त्या जोडगोळीचा एक अल्पायुषी तुकडा बनतो. आपल्या पेशींच्या अंगावर एक बैठक असते, पाटासारखी. तो तुकडा त्या पाटावर बसला की रक्तातल्या मेट नावाच्या पांढऱ्या पेशी त्याला ओळखतात, खडबडून जाग्या होतात आणि हल्ला सुरू करतात. तयार बी-टूकडे त्या ढुंकून बघत नाहीत.

"असं का?" मी विचारलं.

"आपण रसगुल्ले विकत आणून खातो ना? घरी कधी करत नाही. कुणी रसगुल्ले आणले तर तू ओरडतेस का? पण सकाळी उठून पाहिलंस आणि नळाला फडक्यात फाटलेल्या दुधाचा छेना टांगलेला दिसला, तर?"

"तर कुणीतरी परकं माझ्या स्वयंपाकघरात शिरलंय."

"बस. एवढंच."

फाटलेल्या दुधाच्या नुसत्या विचारानं मी नाकाला पदर लावला, आणि त्या पेशींबद्दल मला आपुलकी वाटायला लागली.

तिचं काम क्षयाच्या रुग्णांवर होतं. त्यांच्या रक्तातल्या या पेशी जागं व्हायला विसरल्यात का, हे तपासायचं. रक्त आणायला ती सरकारी दवाखान्यात जायची. एकदा मी तिच्याबरोबर गेले होते आणि पुन्हा जाणार नाही. जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, त्यांच्यावर देवांच्या टाइल्स चिकटवलेल्या, आणि टाइल्सवरही पिचकाऱ्या. बाकावर खोकणारी माणसं, आणि त्यांच्यापासून लांब उभा राहून त्यांच्यावर खेकसणारा गलेलठ्ठ कारकून. मला सगळ्यात जास्त किळस त्या कारकुनाची आली. सुरुचीनं मात्र तोंडाला मास्क लावून प्रत्येक रुग्णाचा हात हातात घेऊन शीर शोधली. नाक मुरडलं नाही. रुग्णांची तिला किळस येत नाही, हे मी तेव्हा पाहिलं.

प्रयोगशाळेत मात्र ती कुणावरही विश्वास टाकायची नाही. रुग्णांचे नमुने तिनं एकटीनं हाताळायचे, आणि तुलनेला लागणारं निरोगी माणसांचं रक्त अर्णव नावाच्या धाकट्या सहकाऱ्यानं, अशी वाटणी तिनं स्वतःच करून घेतली होती. अर्णव नखं वाढवतो, हे तिचं कारण. आणि तिथं एक गरम पाण्याचं भांडं होतं, सगळ्यांचं मिळून. पेशी ज्या गुलाबीसर द्रवात वाढवतात, त्याच्या बाटल्या फ्रिजमधून काढून त्या भांड्यात ठेवून कोमट करायच्या, अशी जगभरची रीत. पण त्या भांड्यातलं पाणी रमेश, तिथला मदतनीस, त्याच्या मनाला येईल तेव्हा बदलायचा. कडेला बोटभर शेवाळ, तळाशी बुळबुळीत थर. तिनं फोटो दाखवला तेव्हा मी जेवत होते, तो घास मी गिळू शकले नाही.

सुरुचीनं आपली बाटली त्यात बुडवणं बंद केलं. अर्णव बुडवत राहिला. ती बाटली स्पिरिटनं पुसायची आणि दक्षिणेच्या खिडकीत उन्हात ठेवायची. छान कोमट व्हायची. उरलेलं परत फ्रिजमध्ये, गरज पडली की पुन्हा खिडकीत. यात काही चुकतंय असं तिच्या मनातही आलं नाही. आमच्या घरातल्या कुणाच्याच आलं नसतं.

आणि निकाल काय सुंदर आले! निरोगी माणसांच्या पेशी जंतूंचा तो कच्चा तुकडा दिला की उसळून उठायच्या. क्षयरोग्यांच्या ढिम्म. तिचे मार्गदर्शक डॉ. लाहिरी खूश झाले. हे लाहिरी सर म्हणजे पांढराशुभ्र कुर्ता आणि मधात बुडवलेली जीभ. परदेशातल्या परिषदेत त्यांनी तिचे आलेख स्वतःच्या नावानं दाखवले, मोठा लेख तयार होऊन छापायला गेला, आणि सुरुचीच्या प्रबंधाचा कणा तोच. पीएचडीची मुदत संपत आली होती, पुढची मुदतवाढ मिळणार नव्हती. तो प्रबंध स्वीकारला गेला तर ती डॉक्टर होणार, नाहीतर इतक्या वर्षांची मेहनत मातीत. ताई आत्तापासूनच शेजारणींना "आमची डॉक्टर" म्हणून सांगायला लागली होती.

मग दुर्गापूजा आली. संस्थेच्या मागच्या गल्लीतल्या मंडळानं त्या वर्षी देवीचा मंडप इतका उंच बांधला की बांबू आणि जाड कापड थेट प्रयोगशाळेच्या खिडकीला टेकलं. आत दिवसाही दिवे लावावे लागायचे. दिवसभर ढाकचे ढोल आणि लाउडस्पीकर, आणि मंडपाच्या मागच्या बाजूला, म्हणजे बरोबर खिडकीखाली, सगळी गर्दी लघवीला. सुरुची वैतागून गेली. पण रुग्णांचं रक्त आलं होतं, टाकून देणं तिच्या जिवावर आलं, म्हणून तिनं बाटली अंधाऱ्या खिडकीतच ठेवून काम उरकलं.

त्या रुग्णांच्या पेशी जाग्या झाल्या. चांगल्या खणखणीत, अर्णवच्या निरोगी माणसांसारख्या.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. लाहिरी सर म्हणाले, "ये पेशंट शायद शुरुआती स्टेज के होंगे. निकाल दो." असं म्हणून ते बायका एकमेकींना कुंकू फासतात तो सिंदूरखेला बघायला निघून गेले. सुरुचीला ते पटलं नाही. ती घरी आली आणि जेवता जेवता थांबली. मी तिथंच होते. ताईला म्हणाली, "आई, नेहमी काय असतं आणि पूजेत काय नव्हतं?" ताई म्हणाली, "पूजेत ऊन कुठं येतं आपल्याकडे, त्या मंडपांनी सगळं झाकून टाकलंय." सुरुची हात न धुता उठली. तिला हात न धुता उठताना मी जन्मात पाहिलं नव्हतं.

त्या गुलाबीसर द्रवात फॉलिक ॲसिडही असतं, तेच जे गरोदर बायकांना गोळीतून देतात. त्याला प्रकाश लागला की ते तुटतं, आणि द्रवातलंच बी-टू त्याला तोडायला हातभार लावतं. तुटून जो तुकडा पडतो तो नेमका त्या पाटावर जाऊन बसतो, पण त्याच्याकडे पाहून कुठलीच पेशी जागी होत नाही. आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून लोक रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. जागा अडलेली, बसलेलं कुणी नाही. खरा तुकडा आला तरी त्याला जागाच मिळत नाही, आणि पेशी झोपलेल्या राहतात.

तरी तिनं ताडून पाहिलं. एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या घेतल्या. एक चंदेरी कागदात गुंडाळली, एक तशीच, दोन्ही गच्चीवर उन्हात. मग एका निरोगी माणसाच्या रक्ताचे दोन वाटे करून दोन बाटल्यांत काम केलं. गुंडाळलेल्या बाटलीतल्या पेशी जाग्या, उघड्या बाटलीतल्या गप्प. म्हणजे क्षयरोग्यांच्या पेशींना काहीही झालं नव्हतं. त्यांना तिनं झोपवलं होतं, दर वेळी, स्वतःच्या स्वच्छ हातांनी.

घरी जो तमाशा झाला तो मी विसरणार नाही. ताई आधी उन्हाच्या बाजूनं भांडली. "उन्हानं कधी काही बिघडतं का? तुझ्या त्या औषधातच खोट असेल!" मग रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "हे सरांना सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"ते म्हणाले, पूजेच्या वेळचे नमुने फेक. बाटली खिडकीत ठेवणारी जगात तू एकटीच असशील, कुणाला कळणार?"

"मग झालं तर," ताई म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझ्या गुरूलाच चालतंय, तू कशाला उकरतेस?"

मला माझ्या सख्ख्या बहिणीची शिसारी आली. जी बाई दारातल्या चपलेचा तळवाही घासून घेते, ती पोरीला खोट्यावर सही ठोकून डॉक्टर हो म्हणते. मी तसं बोलूनही दाखवलं. ताई माझ्यावर उखडली, "तुझं काय जातंय? तुझी मुलगी असती म्हणजे कळलं असतं!" मला मूल नाही, आणि ते तिला माहीत होतं.

सुरुची आमच्या दोघींकडे बघत बसली होती. शेवटी म्हणाली, "आई, कुणीतरी हा लेख वाचेल आणि क्षयाच्या माणसांना या पेशी जाग्या करायचं औषध द्यायला निघेल. त्यांच्या पेशी जाग्याच आहेत गं." एवढं बोलून ती आत गेली.

प्रबंधाआधी सगळ्यांसमोर व्याख्यान द्यायची पद्धत असते. घरच्यांनाही बोलावतात, शेवटी सिंगाडे, म्हणजे इथले सामोसे, आणि संदेशाची मिठाई असते. ताई हट्टानं पैठणी नेसून आली. लाहिरी सरांनी प्रास्ताविकात सुरुचीला "आमार मेये", माझी लेक, असं म्हटलं. त्या मधाळ स्वरावर मी नाक मुरडलं.

सुरुचीनं आधी ते सुंदर आलेख दाखवले. लोक माना डोलवू लागले. मग तिनं पुढचं चित्र लावलं: खिडकी आणि खिडकीत उन्हात ठेवलेली बाटली. "हे सगळे निकाल चुकीचे आहेत," ती इंग्रजीत म्हणाली. "चूक माझी आहे. मी बाटली इथं ठेवत होते." मग गच्चीवरचा प्रयोग सांगितला, त्या तुटलेल्या फॉलिक ॲसिडचं सांगितलं, आणि हा लेख मागे घ्यावा अशी विनंती करून खाली बसली. मी लाहिरींकडे बघत होते. एक क्षणभर त्यांचा चेहरा उतरला, आणि दुसऱ्या क्षणी ते उभे राहून टाळ्या वाजवत होते!

"यही है हमारे लैब का डिसिप्लिन," ते म्हणाले. "मैं अपने स्टूडेंट्स को यही सिखाता हूँ."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. तो माणूस लगेच सिंगाडा खात पाहुण्यांच्या गराड्यात उभा होता, ओठांना तेल, बोटांना तेल, आणि त्याच बोटांनी सुरुचीचा खांदा थोपटत होता. तिनं खांदा मागे घेतला.

त्यानंतर आठवडा गेला नसेल, त्यांनी तिला खोलीत बोलावलं आणि सांगितलं की आता तिच्याकडे प्रबंधाजोगा निकालच उरलेला नाही, तेव्हा सही कशावर करायची? मुदत संपली. ताईनं फोन करून पाया पडायची तयारी दाखवली, तर सर मीटिंगमध्ये. सुरुचीनं टेबल आवरलं, पुस्तकं पिशवीत भरली आणि मेट्रोनं घरी आली. हल्ली ती एस्प्लनेडजवळच्या एका खाजगी पॅथॉलॉजीत रक्ताचे अहवाल तपासते. ताई शेजारणींना आता काहीच सांगत नाही.

गेल्या महिन्यात सुरुची माझ्याकडे आली होती. मी कढी करत होते. तिच्या फोनवर अर्णवनं काहीतरी पाठवलं होतं, खाली एकच ओळ, "दीदी, सॉरी." लाहिरींचा नवा लेख होता. विषय: उजेडात ठेवलेल्या द्रवानं मेट पेशी कशा गप्प होतात. पहिलं नाव अर्णवचं, शेवटचं लाहिरींचं. अगदी तळाशी, आभारांत, "तांत्रिक मदतीबद्दल" म्हणून दोन नावं होती, रमेश आणि सुरुची. रमेशनं खिडकीला काळा कागद चिकटवला होता.

माझा संताप संताप झाला. मुंगीनं वारूळ बांधायचं आणि आयत्या बिळावर हा नागोबा! पांढऱ्या कुर्त्यातला चोर, असं काय काय मी बोलले, जे लिहायला लाज वाटते. त्या दवाखान्याच्या जिन्यातली पिचकारी या माणसापेक्षा स्वच्छ. ती निदान लाल तरी दिसते.

सुरुची ऐकत नव्हती. ती फोनवर दोन बोटांनी एक चित्र मोठं करत होती. गच्चीवरचा तिचाच प्रयोग होता तो, जसाच्या तसा, पेशींचा एकही ठिपका न हलवता. चित्राखाली लिहिलं होतं, निरोगी दाता, स्त्री.

"प्रयोग बरोबर छापलाय," ती म्हणाली.

"अगं, तुझा आहे तो! तुझं नाव कुठाय त्यात?"

"गच्चीवर केलं त्या दिवशी सुट्टी होती, रक्त द्यायला कुणी मिळालं नाही," ती म्हणाली. तिनं एका ठिपक्यावर बोट ठेवून फोन माझ्यापुढे धरला. "ही बघ, मावशी. ही मी."

कढी उतू जात होती. मी गॅसकडे पाहिलंसुद्धा नाही. मी तिचं ते बोट धरलं आणि मला रडू आवरेना.